खंड पडला की पीक सुकतं, झड लागली की पाणी साचतं: काळ्या वावराचा बिघाड धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, ताडून बघा

लक्षण असं. जुलै-ऑगस्टात पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली की सोयाबीन दुपारी माना टाकतं, कपाशीची पाती (फुलाच्या कळ्या) गळते. मग झड लागते आणि त्याच वावरात दोन दिवस पाणी उभं राहतं, पीक पिवळं पडतं. शेजाऱ्याकडे तेच बियाणं, तोच पाऊस, आणि पीक ताठ. हे दरवर्षीचं. उपायही दरवर्षी तेच: युरियाची एक बॅग जास्त, एखादं टॉनिक, आणि उन्हाळ्यात रोटाव्हेटरची आणखी एक पाळी. यातला शेवटचा उपाय बऱ्याचदा मूळ रोगच असतो.

दोष पावसावर ढकलण्याआधी एक हिशेब करून बघा. नागपूर जिल्ह्यात वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिमी पाऊस होतो. खोल काळ्या मातीचा एक मीटर थर पिकाला उचलता येईल असं १५० ते २०० मिमी पाणी धरून ठेवतो. भर वाढीतलं पीक दिवसाला ४ ते ५ मिमी पाणी ओढतं. मुळं ९० सेंमीपर्यंत गेली असतील तर पिकाच्या खात्यात १३५ ते १८० मिमी जमा असतात, म्हणजे महिनाभराची सोय. तीच मुळं २० सेंमीवर अडली तर हाती उरतात ३० ते ४० मिमी. आठ दिवसांत खातं रिकामं. तेव्हा दहाव्या दिवशी पीक सुकलं तर तो दुष्काळ नव्हे. पाणी खाली आहे, मुळं तिथवर पोचलेली नाहीत. खरा दुष्काळ आला की मात्र अशीच वावरं सगळ्यांत आधी जातात. त्या वर्षी पीक कमी, म्हणून कुटार (मळणीनंतरचा भुसा) कमी, म्हणून जमिनीत परत जाणारं कमी, आणि पुढच्या पावसाला वावर आणखी उघडं.

माती परीक्षण केलंय, कार्डावर सगळं ठीक आहे, असं कुणी म्हटलं तर त्यात नवल नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माती किती घट्ट झाली, खाली कडक थर आहे का, मातीच्या कणांना सोडियम किती चिकटलाय, मुक्त चुना किती, यातलं काहीच त्यात नाही. हे वावरातच बघावं लागतं, आणि बघायला महागडं काही लागत नाही. एक सळई, एक फावडं, दोन काचेचे पेले आणि पाइपाचा एक तुकडा पुरतो.

ताडून बघायला धुरा

काळ्या मातीचे पुस्तकी आकडे वावराला लावण्यात फसगत आहे. ओली काळी माती मुळातच पाणी हळू पिते, सुकली की दगड होते. त्यामुळे 'माझी जमीन घट्ट आहे का' याचं उत्तर एकट्या वावरात मिळत नाही. जो धुरा वर्षानुवर्षं नांगराखाली आलेला नाही, जिथं गवत उभं आहे, तिथली माती हीच तुमची चांगली माती. प्रत्येक तपासणी आधी धुऱ्यावर, मग वावरात, एकाच दिवशी. धुऱ्याची वाट ट्रॅक्टरची असेल तर ती जागा सोडा, तिथली माती वावरापेक्षाही वाईट निघेल.

वेळ निवडा चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवसांनंतरची, वाफशाची, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी. एप्रिल-मेमध्ये सळई कुठंच शिरत नाही, त्यावरून काही ठरवता येत नाही.

सळई १० मिमीची, तीन फुटांची, एका टोकाला थोडी निमुळती करून घेतलेली. हातोडा वापरायचा नाही, दोन्ही हातांनी सरळ दाबत जायचं. धुऱ्यावर ती फूट-दीड फूट सारख्याच जोरानं उतरते. बिघडलेल्या वावरात पहिले सहा-आठ इंच लोण्यासारखी जाते आणि मग फरशी लागल्यासारखी थांबते. अंगाचा भार टाकून आणखी तीन-चार इंच रेटली की अचानक मोकळी होऊन खाली जाते. हे अडणं आणि मग सुटणं म्हणजे कडक थर. अडली ती अडलीच, तर खाली मुरूम असेल किंवा ओल तिथवर पोचली नसेल. एका जागेवरून निकाल लावू नका, दहा ठिकाणी बघा. एखादा खडा लागूनही सळई थांबते.

थर सापडला की तिथंच फावड्यानं दीड फूट खड्डा घ्या, तुरीच्या किंवा कपाशीच्या झाडाला लागून. सोटमूळ न तोडता माती हातानं काढा. बोटाएवढं जाड मूळ सरळ खाली उतरत येतं, वीतभर खोलीवर चपटं होतं आणि काटकोनात वळून आडवं पळतं. वळणाच्या खालची माती बघा: रवाळ नसते, पापुद्र्यासारखे थर एकावर एक बसलेले असतात, त्यांच्या फटीत बारीक मुळं दाबलेली. एवढं दिसलं की आणखी पुरावा लागत नाही. मात्र दीड-दोन फुटांखाली तिरकी, चकचकीत अंगाची ढेकळं दिसली तर तो दोष समजू नका. काळी माती फुगते-आकसते तेव्हा तिचे थर एकमेकांवर घासतात, ती चमक त्याची.

आता पेले. दोन पेल्यांत आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या. बोअरचं पाणी चालणार नाही. त्यातले क्षार माती खाली बसवून ठेवतात आणि रोग लपतो. बोराएवढी दोन ढेकळं, एक धुऱ्याचं, एक वावरातलं, सावलीत पूर्ण सुकवून अलगद सोडा. ढवळायचं नाही. धुऱ्याचं ढेकूळ दहा मिनिटांनीही आकार धरून असतं, फार तर कोपरे झडतात. वावरातल्याचं दोनपैकी एक होतं. एक तर ते मिनिटाभरात ढासळून ढीग होतं, पण वरचं पाणी नितळ राहतं: ही कर्ब संपल्याची, रचना मोडल्याची खूण. किंवा ढेकळाभोवती पाणी दुधासारखं गढुळतं आणि दोन तासांनीही बसत नाही: हा सोडियम, म्हणजे जमीन चोपण व्हायला लागली आहे. दोन्ही रोगांत पाणी वर साचतं, दोन्हींत वर खपली येते, पण औषध वेगळं. जिप्सम हे सोडियमवरचं औषध, इथं गल्लत झाली की त्याचे पैसे जातात.

शेवटची तपासणी पाण्याची. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा पाच इंचांचा तुकडा तीन इंच मातीत दाबा. आत पॉलिथिन पसरा, त्यावर ४५० मिली पाणी ओता आणि पॉलिथिन हळूच ओढून घ्या. हे झालं सुमारे एक इंच पावसाएवढं पाणी. पहिल्यांदा ते भेगांत जातं, तो वेळ मोजू नका. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि घड्याळ लावा. धुऱ्यापेक्षा वावरात तिप्पट-चौपट वेळ लागला तर पाऊस जमिनीत न शिरता वरून वाहतोय, हे नक्की.

कडक थर निघाला तर

सबसॉयलर, म्हणजे खोलवर चीर पाडणारा ट्रॅक्टरचा फाळ, हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, फसतो तो वेळेमुळे. ओल्या काळ्या मातीत सबसॉयलरचा फाळ लोण्यातून सुरी जावी तसा जातो: एक गुळगुळीत चीर पडते, आजूबाजूचं काही फुटत नाही आणि पहिल्या झडीत चीर मिटते. थर तडकायला माती कोरडी हवी. रब्बीचं पीक निघाल्यावर, मार्च ते मेअखेर. आधी सळईनं थराची खोली मोजा. फाळ थराच्या तळापेक्षा दोन-तीन इंच खाली चालला पाहिजे. बहुतेक वावरांत १५ ते ३० सेंमीमध्ये थर असतो, म्हणजे ४० ते ४५ सेंमी खोली पुष्कळ. दोन चिरांमधलं अंतर दीड ते दोन मीटर. ट्रॅक्टर ४५-५० अश्वशक्तीच्या खालचा असेल तर तो फाळ वर उचलतो आणि नेमका थरावरून घसरत जातो. भाडं द्यायचं ते मागून खोली मोजूनच. मुरमाच्या उथळ बरडावर हे यंत्र घालूच नये, खालचे दगड वर येतात.

आणि पुढचं महत्त्वाचं. फोडलेला थर एका हंगामात परत बसू शकतो. तो बसतो ओल्या मातीत फिरलेल्या चाकांनी: वाफसा यायच्या आधीची पेरणी, ओल्यात घातलेला हार्वेस्टर, भरलेली ट्रॉली. वाफसा आला का हे वरची माती बघून ठरवू नका. वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि तळव्यावर वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता होत असेल तर आज ट्रॅक्टर नाही. वळी होताना तुकडे पडतात तो दिवस कामाचा. थर फोडल्यावर त्या वर्षी तूर, एरंडी असं सोटमुळाचं पीक घ्या. फाळानं पाडलेल्या तडा मुळांनी धरून ठेवल्या तर त्या राहतात.

भुकटी

रोटाव्हेटरची पाती दरवेळी त्याच १०-१५ सेंमी खोलीवर फिरतात. वर माती मैद्यासारखी होते, पात्यांच्या तळाशी ती थापली जाते. शेत दिसायला देखणं, म्हणून हे वाढलं. काळ्या मातीचा मोठा गुण असा की उन्हाळ्यात तापून आणि पहिल्या पावसात भिजून तिची ढेकळं आपोआप फुटतात. मे महिन्यात हरभऱ्या-सुपारीएवढी ढेकळं वर राहिलेली बरी. तीच पहिल्या सरीचा मार झेलतात. भुकटीवर तोच पाऊस पडला की कण छिद्रांत बसतात, दोन दिवसांच्या उन्हात खपली धरते आणि सोयाबीन खपलीखाली मान मोडून मरतं. मग दुबार पेरणी. बियाणं वाईट होतं अशी तक्रार होते, कधी ती खरीही असते, पण आधी खपली उचलून बघा.

उघड्या, भुसभुशीत केलेल्या मातीवर दुष्काळ आला की काय होतं याचा मोठा दाखला अमेरिकेच्या मैदानी मुलखातला. गवताळ माळ फोडून गव्हाखाली आणले, १९३१ पासून पाऊस हटला आणि वरची माती वाऱ्यावर निघाली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तिथं 'काळा रविवार' म्हणतात. त्याच महिन्यात तिथं मृदसंधारणाचा कायदा झाला. दुष्काळ त्या मुलखाला नवे नव्हते, उघडी माती नवी होती. आपली माती वाऱ्यापेक्षा पाण्यानं जाते, आणि जास्त करून मृगाच्या पहिल्या दोन-तीन जोराच्या पावसांत, जेव्हा वर झाकायला काहीच नसतं. हेक्टरावरून एक मिलिमीटर थर गेला म्हणजे सुमारे १३ टन माती गेली. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. दिसतं ते हे: काही वर्षांत वर चुनखडीचे पांढरे खडे वाढतात. ते वर आलेले नसतात, माती खाली गेलेली असते.

कर्बाचा ढोबळ हिशेबही मांडून ठेवा, म्हणजे कुणी 'एका वर्षात कर्ब दुप्पट' असं काही विकायला आलं तर कळेल. एकराचा १५ सेंमी थर साधारण ८ लाख किलोचा. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब मातीत टिकायला हवा. पाच टन ओलसर शेणखतात कर्ब जवळपास तेवढाच असतो, पण त्यातला मोठा भाग वर्षा-दोन वर्षांत हवेत जातो. पाचवा हिस्सा राहिला तरी पुष्कळ. म्हणजे दरवर्षी एकरी पाच टन टाकलं तर ०.१ टक्क्याला पाचेक वर्षं. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.४० टक्क्यांच्या खाली 'कमी' आणि ०.४१ ते ०.६० 'मध्यम'. एवढं शेणखत आता कुणाच्या गोठ्यात नाही, म्हणून पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि कुटार जाळणं परवडत नाही. पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीत पीक संपवून श्रेडरनं बारीक करा. गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही त्यात मोडतो. तुकडे कोरड्या मातीत गाडायची घाई नको, पाऊस येईपर्यंत ते कुजत नाहीत. वरच पसरलेले असू द्या, पहिल्या पावसाला तेवढंच झाकण. पाऊस लागल्यावर ते कुजताना नत्र ओढतात, म्हणून त्या वर्षी पेरणीच्या खतातलं नत्र कमी करू नका.

पेल्यातलं पाणी गढुळलं तर

प्रयोगशाळेत सामू ८.५ च्या वर आला की शंका पक्की, पण जिप्समची मात्रा सामूवरून ठरत नाही. विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, वेगळं सांगून तपासून घ्या. १०० ग्रॅम मातीत १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला १५ सेंमी थरासाठी एकरी सुमारे ७०० किलो शुद्ध जिप्सम लागतं. ८० टक्के शुद्धतेचं असेल तर पावणेनऊशे किलो. अहवालात 'सेंटिमोल प्रति किलो' लिहिलं असेल तर आकडा तोच धरा. मे महिन्यात पसरून वखरानं वरच्या तीन-चार इंचांत मिसळा, खोल गाडू नका. मुक्त चुना भरपूर असलेल्या जमिनीत १०० किलो जिप्समऐवजी सुमारे १९ किलो गंधक चालतं, पण त्याला ओल आणि काही आठवडे द्यावे लागतात.

जिप्सम टाकलं आणि काही झालं नाही, ही तक्रार नेहमीची. जिप्सम सोडियमला मातीच्या कणावरून सोडवतं, वावराबाहेर काढत नाही. ते काम पाण्याचं. खालच्या अंगाला पाणी निघायला चर नसेल तर सुटलेला सोडियम तिथंच फिरत राहतो. आधी चर, मग जिप्सम, मग पाऊस. त्यानंतर एकरी २० किलो धैंचा (हिरवळीचं खत) पेरून ४५-५० दिवसांनी, फुलावर यायच्या आत गाडा.

हा सोडियम आला कुठून? बऱ्याच ठिकाणी खोल बोअरमधून. दुष्काळात विहीर आटते, संत्र्याची बाग जगवायला बोअरचं पाणी दिलं जातं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत झाडाच्या आळ्यातली माती चिकट होते. काटोल-नरखेडकडे बागाईतदारांनी मातीआधी पाणी तपासावं. अहवालात 'आरएससी' (उर्वरित सोडियम कार्बोनेट) बघा: १.२५ पर्यंत बिनधास्त, १.२५ ते २.५ जपून, २.५ च्या वर नको. पर्याय नसेल तर त्यातला १ अंक कमी करायला एक लाख लिटरमागे ८.६ किलो शुद्ध जिप्सम, हौदात टाकून पाणी त्यावरून वाहू द्यायचं. ठिबकच्या टाकीत जिप्सम कधीच घोळू नका, ड्रिपर बसतात. आळ्यात पाणी खोडाला लागू देऊ नका, दुहेरी कडं करून बाहेरच्या कड्यात द्या. आणि बागेत पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर तो चुन्यामुळे अडलेला लोहाचा प्रश्न आहे. मातीत हिराकस (लोहाचं सल्फेट) ओतून तो सुटत नाही, टाकलेलं लोह चुना पुन्हा अडकवतो. फवारणी करा, किंवा मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट, म्हणजे चुन्यात न अडकणारं लोह.

उतार

इथं दुखण्याचं मूळ वावराचा आकार असतो. वाटण्या होऊन पट्टे लांबोळे झाले, ते नेमके उताराच्या दिशेनं, आणि ट्रॅक्टरवाल्याला लांब तास (पेरणीच्या ओळी) सोयीचे. मग प्रत्येक तास म्हणजे एक नाली. पट्टा रुंद असेल तर आडवीच पेरणी करा, फेरे वाढले तरी. अरुंद असेल तर दर ३०-४० मीटरवर दीड-दोन फूट रुंदीचा खस किंवा मारवेलीचा आडवा पट्टा लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंब लावले की दुसऱ्या वर्षापासून माती अडवतात, आणि बैलांना गवत.

सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतलं तर झड आणि खंड दोन्ही निभतात. सरीला हलका उतार ठेवा, १०० फुटांत अर्धा फूट पुरे. वरंबा-सरी पाडायचं यंत्र मिळालं नाही तर साध्या पेरणीतही ३०-४० दिवसांनी, शेवटच्या डवरणीला (कोळपणीला), डवऱ्याला जाड दोरी गुंडाळून तासांमध्ये सऱ्या पाडा. खर्च काही नाही.

गाळ टाकायचा तो बरडावर आणि माती वाहून गेलेल्या तुकड्यांवर. खोल काळ्या वावरात तलावाचा चिकण गाळ टाकणं म्हणजे चिखलात चिखल. एकरावर एक इंच थराला सुमारे १०० घनमीटर, म्हणजे तीन घनमीटरच्या तेहतीस-चौतीस ट्रॉल्या लागतात. गाळाचाही सामू आणि क्षारता बघा. पाच ट्रॉल्या टाकून फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार करावा.

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, मौदा-कुही-भिवापूरच्या धानाच्या बांध्यांत (खाचरांत) वरची सळई-तपासणी उलटी वाचायची. तिथं चिखलणी करून खाली कडक थर मुद्दाम तयार केलेला असतो, पाणी राहावं म्हणून. त्याला सबसॉयलर लावला तर बांधीत पाणी टिकणार नाही. अडचण धानानंतरच्या हरभऱ्याला येते. तिथं बांधीच्या कडेनं चर काढणं आणि ओलीवर पण वाफसा धरून पेरणं एवढंच हातात आहे.

उपाय केल्यावर पाइपाची तपासणी दोन वर्षांनी त्याच जागी, पावसानंतर तितक्याच दिवसांनी करा. जागा धुऱ्यावर खुंटी ठोकून लक्षात ठेवा, आणि तो धुरा नांगराच्या फेऱ्यात दरवर्षी अर्धा फूट कमी होऊ देऊ नका, नाहीतर ताडून बघायलाच काही उरणार नाही.